कौतुक सप्टेंबरात करा, पैसे जूनमध्ये द्या

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी व सभासद, आणि तिथे वकिली करणारी मराठी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र पैसे मागण्यासाठी आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. परभणीच्या एका मुलीला लंडनमध्ये विमा कायद्यात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करण्यासाठी प्रवेश मिळाला आहे. वर्षाचा अभ्यासक्रम, सप्टेंबरात सुरू होणारा. सगळी जुळवाजुळव करून साधारण वीस हजार पौंड कमी पडतात. नुसते पैसेच मागायचे असते तर चार ओळींचा निरोप पुरला असता. ते कधी द्यावेत आणि कोणत्या वाटेने द्यावेत, हे मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना मदत करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची मदत पोचते तेव्हा मात्र बहुतेक वेळा विमान निघून गेलेलं असतं.

मुलीचं नाव या पत्रात नाही, फोटोही नाही. ते मुद्दाम. का, ते पुढे येईल.

तिचे वडील आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात अर्ज लिहून देतात. प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, नक्कल मिळण्याचा अर्ज, जे लागेल ते. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. मुलगी एलएलबी झाली आणि माझ्या एका सहकाऱ्याकडे ज्युनिअर म्हणून लागली. तिथे तिच्या वाट्याला आले पीकविम्याचे तंटे, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होते. फी नाही आणि कागद ढीगभर. मराठवाड्यात ज्याचं शेत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. सोयाबीन पाण्याखाली गेलं की ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. लाइट गेलेली, रस्ता बंद, अॅप उघडत नाही, टोल फ्री क्रमांक लागत नाही. चौथ्या दिवशी कळवलं तर ‘विलंब’ या एका शब्दावर दावा नामंजूर. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात विमा दिला तेव्हा अर्जांचा पूर आला, २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. तंटे मात्र राहिलेच. ग्राहक आयोगापुढे अशी प्रकरणं चालवता चालवता या मुलीला एक प्रश्न पडला, आणि तो साधा नाही. विम्याच्या करारात सगळं खरं सांगण्याचं ओझं विमा घेणाऱ्यावरच का?

या प्रश्नाचं मूळ लंडनमध्ये आहे, म्हणून तिला लंडनला जायचं आहे. १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशाने विम्यातल्या सद्भावाचं, म्हणजे ठाऊक असलेलं काही न लपवण्याचं, तत्त्व मांडलं. ते इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात उतरलं आणि त्याच कायद्याच्या वळणावर आपला १९६३ चा सागरी विमा कायदा बेतला गेला. पुढे इंग्लंडने स्वतःचंच तत्त्व सैल केलं. २०१२ मध्ये सामान्य ग्राहकासाठी, २०१५ मध्ये व्यावसायिक विम्यासाठी वेगळे कायदे केले. माहिती सांगण्यात चूक झाली तर आख्खा करार रद्द करण्याची विमा कंपनीची मुभा बरीच आवळली. आपल्याकडे जुनं तत्त्व अजून ठाण मांडून आहे. ज्या देशाने हे घडवलं आणि मग मोडलं, तिथे बसून ते शिकण्यात अर्थ आहे. ‘एलएलएम इथे होत नाही का?’ असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर. होतं, पण हे होत नाही.

आता हिशोब. फी २८ हजार पौंड. विद्यापीठाने सहा हजारांची सूट दिली, राहिले २२ हजार. व्हिसासाठी लंडनमधल्या नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात, दरमहा दीड हजार पौंडांच्या थोडे वर. म्हणजे पावणेचौदा हजार झाले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एलएलएम एका वर्षाचं असलं तरी व्हिसा थोडा जास्त काळाचा मिळतो, म्हणून तो दीडपट भरायचा. व्हिसाची फी पाचशेच्या वर. सगळं मिळून साडेसदतीस हजार पौंड, १२० रुपयांच्या दराने ४५ लाख रुपये. अर्ज लिहून देणारा माणूस एका अर्जाचे किती घेतो हे इथे लिहिलं तर तुम्ही ही बेरीज पुन्हा तपासायला घ्याल.

बँकेचं कर्ज विनातारण साडेसात लाखांपर्यंत मिळतं. त्यापुढे तारण हवं. घर गावठाणातलं, कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. बँकेच्या पॅनेलवरचे वकील तो बघून हसत नाहीत, पण कर्जही देत नाहीत. (मी स्वतः बँकांसाठी मालमत्तेच्या मालकीचे शोध अहवाल लिहितो, त्यांची बाजूही मला कळते.) घरची बचत चार लाख. आमच्या वकील संघातल्या मंडळींनी आणि आमच्या अभ्यासिकेतून बाहेर पडलेल्या जुन्या मुलांनी मिळून नऊ लाख उभे केले, त्यात दोन न्यायालयीन शिपाईही आहेत. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या मुलाखतीपर्यंत ती पोचली, निवड झाली नाही. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं नाही. एकूण साडेवीस लाख हातात, उरलेले साधारण वीस हजार पौंड तुमच्याकडे मागतो आहे.

इथून पुढे जे लिहितो ते कृपा करून सावकाश वाचा.

ब्रिटिश व्हिसाचा नियम असा: दाखवायची पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे आणि ज्या दिवशी हे २८ दिवस संपतात तो दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी मोजणी पहिल्यापासून. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. तिच्या मामाने पुण्यातली मुदत ठेव दाखवायची तयारी दाखवली, पण मामा चालत नाही. गावातल्या कुणा मोठ्या माणसाचं हमीपत्र चालत नाही. ‘तिकडे गेल्यावर अर्धवेळ काम करून भागवेन’ हेही चालत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं आणि भविष्यातली ती कमाई कुणी मोजत नाही. मंडळाने लेटरहेडवर ‘आम्ही या विद्यार्थिनीच्या पाठीशी आहोत’ असं लिहून दिलं तर ते पत्र भिंतीवर लावायला छान आहे. अधिकृत प्रायोजक म्हणून सरकार, विद्यापीठ, ब्रिटिश कौन्सिल, आंतरराष्ट्रीय कंपन्या-संस्था असेच मोजके धरले जातात, त्यात महाराष्ट्र मंडळ बसत नाही.

म्हणून तारखा उलट्या मोजायच्या. सप्टेंबरात वर्ग. त्याआधी व्हिसाच्या निर्णयाला आठवडे. त्याआधी विद्यापीठाकडून व्हिसासाठीचं प्रवेशनिश्चितीपत्र, ते अनामत भरल्याशिवाय निघत नाही. त्याआधी २८ दिवस. असं मोजत मागे आलो की जून उजाडतो. जूनअखेरीपर्यंत आलेला पौंड खरा. ऑगस्टमध्ये गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत जाहीर झालेली मदत कितीही मनापासूनची असली तरी ती पुढच्या वर्षीच्या मुलासाठी.

सरकारांनाही हे गणित जमत नाही, तर मंडळांना दोष काय द्यायचा? २०२५ च्या जुलैत केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं गेली. बाकीच्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर मिळेल असं सांगण्यात आलं. जुलैत! ज्याच्या हातात लंडनचं प्रवेशपत्र आहे त्याने ‘निधी उपलब्ध झाला तर’ हे वाक्य कुठल्या खात्यात २८ दिवस ठेवायचं?

आणि हे आजचं नाही. कॉर्नेलिया सोराबजी तुम्हाला ठाऊक असतील, लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा आहे. जन्म नाशिकचा, १८६६ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षेत अव्वल येणाऱ्याला इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. त्या अव्वल आल्या, आणि बाई म्हणून ती नाकारली गेली. मग इंग्लंडमध्ये मेरी हॉबहाउस आणि अॅडलेड मॅनिंग यांनी पुढाकार घेऊन पैसे उभे केले. देणाऱ्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या आणि काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्नही. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या, १८९२ मध्ये कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसलेली पहिली स्त्री ठरल्या. पदवी द्यायला विद्यापीठाने तीस वर्षं लावली, पण ती वेगळी गोष्ट. मला त्यात दिसतं ते एवढंच की कुणीतरी वर्गणी गोळा केली आणि ती वेळेत गोळा केली. पुढे कॉर्नेलियाबाईंची राजकीय मतं आपल्याला पटोत न पटोत, हजेरीपटावर त्यांचं नाव लागलं ते या वर्गणीमुळे.

दुसरं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचं. प्रिमरोज हिलजवळचं किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे तुम्ही दरवर्षी फुलं वाहता. त्या घरात राहणारा विद्यार्थी आधी एकदा लंडन अर्ध्यात सोडून परतला होता. १९१६ मध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम सुरू केलं आणि १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. बुद्धी तीच होती, पुस्तकं तीच होती, पैसे संपले होते. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करायला चार वर्षांची मुदत मिळाली, ती हाताशी ठेवून ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवायला लागले. पगारातून बचत केली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० मध्ये डॉ. आंबेडकर पुन्हा लंडनला पोचले. त्या मधल्या तीन वर्षांची किंमत कुणी मांडली आहे? ग्रेज इनमध्ये आज त्यांच्या नावाची खोली आहे. खोलीला नाव देताना कुणालाच पैसे कमी पडत नाहीत.

अटींविषयीही यातूनच बोलता येईल, कारण ‘परत येईल कशावरून?’ हा प्रश्न मला तुमच्यापैकी तिघा-चौघांनी आधीच विचारला आहे. बडोद्याने शिष्यवृत्ती देताना दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. करार पाळायला आंबेडकर बडोद्याला गेले, तर शहरात राहायला खोली मिळेना. करार लिहून घेणारे महाराज उदार होते, तरी त्यांच्या शहराने काही दिवसांत आंबेडकरांना परतायला लावलं. बाँडवर सही घेऊन माणूस बांधला जातो असं मानणाऱ्यांनी हे आठवावं. माझ्या मुलीने (आता मी तिला माझीच म्हणतो) शिकून झाल्यावर लंडनच्या एखाद्या विमा फर्ममध्ये काही काळ काम केलं तर मला आनंदच आहे. पौंडात कमावलं तर पौंडात फेडता येईल. जे शिकेल ते परभणीच्या ग्राहक आयोगापर्यंत यायला तिने स्वतः टेबलापाशी उभं राहिलंच पाहिजे असं नाही.

फेडण्याचा मुद्दा महत्त्वाचा, कारण मी देणगी मागत नाही. फिरता निधी मागतो आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकणाऱ्यांसाठी जो निधी सुरू केला तो कर्ज-शिष्यवृत्तीच्या पायावर: जुन्याने फेडायचं, त्यातून नव्याने जायचं. सव्वाशेहून जास्त वर्षं तो चालला आहे. आपण टाटा नाही. पण शंभर पौंड देणारी दोनशे मराठी घरं ब्रिटनमध्ये नाहीत हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. बिनव्याजी, कमाई सुरू झाल्यावर सात वर्षांत फेडायचं, फेडलेले पैसे पुढच्या कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी. करारपत्र आम्ही इथे तयार केलं आहे, मुलीने वाचून दोन कलमं बदलूनही घेतली. (तिची दुरुस्ती बरोबर होती.)

पैसे कोणत्या वाटेने द्यायचे याबद्दल थोडं तांत्रिक, तुमच्यातल्या वकिलांसाठी. आमच्या इथल्या ट्रस्टला परदेशी अंशदान कायद्याखालची, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी, नोंदणी नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यांच्याकडून, ते सदाशिव पेठेतले असले तरी, आम्ही एक पौंडही घेऊ शकत नाही. मुलीच्या इथल्या खात्यात तुम्ही प्रत्येकाने थोडे थोडे पाठवावेत असंही करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५० हजार रुपयांच्या वर भेट आली की सगळी रक्कम उत्पन्न धरली जाते, आणि तिच्या फीमधून आयकर जावा अशी तुमची इच्छा नसणार. सरळ वाट एकच दिसते. तुमच्यापैकी ज्या मंडळाची तिथे धर्मादाय संस्था म्हणून नोंद आहे त्याने शिक्षण निधी उघडावा आणि त्यातून फी थेट विद्यापीठात भरावी. भरलेली फी विद्यापीठ प्रवेशनिश्चितीपत्रात नोंदवतं आणि तेवढी रक्कम खात्यात दाखवावी लागत नाही. तुमच्या वीस हजारांनी फीचा मोठा भाग संपला की २८ दिवसांचं ओझं आम्ही इथल्या पैशांवर पेलू. निधी कुणा एका मुलीच्या नावाचा न ठेवता सर्वांसाठी खुला ठेवलात, निवड तुमच्या विश्वस्तांनी केलीत, तर तिथे कर भरणाऱ्याच्या देणगीवर पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून वाढीव मिळतात. हे तुमचे हिशेबनीस माझ्यापेक्षा नीट सांगतील. निवडीत ही मुलगी बसली नाही, दुसरं कुणी जास्त लायक निघालं, तर तो निर्णय आम्ही मान्य करू. तसं लिहून देतो.

आता फोटोचं. आम्ही आधी एका लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर विचारणा केली. तिथल्या माणसाने व्हिडिओ मागितला. आई चुलीपुढे, वडील न्यायालयाच्या झाडाखाली, मुलगी कंदिलापाशी वाचते आहे. परभणीत तिच्या घरी गॅस आहे आणि एलईडी दिवा आहे, हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘सर, मग रिस्पॉन्स कमी येईल.’ मुलगी उठून गेली. मला तिचं पटलं. उद्या ती विमा कंपनीच्या वकिलासमोर उभी राहील तेव्हा समोरच्याच्या मोबाइलमध्ये तिच्या रडण्याचा व्हिडिओ असावा का? बुद्धी बघून पैसे द्या, गुणपत्रिका बघून द्या, तिने लिहिलेले युक्तिवाद आम्ही पक्षकारांची नावं झाकून पाठवू. पण दया वाटली म्हणून देणार असाल तर तुमच्या गल्लीतही भरपूर जागा आहे.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, युरोप-अमेरिकेत नंतर किती निघाली त्याची गणती नाही. नाट्यप्रयोग, दिवाळी अंक, मोदक, मराठी शाळा, सगळं तुम्ही निष्ठेने केलंत आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पाहुणा कलाकार आणायला लागणारं तिकीट, हॉलचं भाडं, मांडव यांच्या पावत्या तुम्ही सहा महिने आधी फाडता. नेमकी तीच शिस्त इथे हवी आहे.

मे महिन्याच्या तुमच्या कार्यकारिणीत हा विषय घ्यावा. होकार असेल तर तुमच्यातल्या दोन वकिलांनी आमच्या करारपत्रावर नजर टाकावी. इंग्लंडच्या कायद्यात ते कुठे गळतं आहे ते तुम्हालाच दिसेल. नकार असेल तर तोही मेमध्येच कळवा. विद्यापीठ प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायला तयार आहे, पण त्यासाठीचा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावा लागतो. तसं झालं तर ती वर्षभर ग्राहक आयोगापुढे काम करेल. यंदाच्या खरिपाची प्रकरणं तोवर येऊ लागलेली असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
परभणी जिल्हा न्यायालयातील एक वकील